हरणांचे संवर्धन आणि संप्रेरक संशोधन : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मावळ तालुक्यातील तिकोणा पेठ हे तिकोणा ऊर्फ वितंडगड किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. या परिसरातील पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला. पहिल्या घटनेने खोऱ्याचे रूप पालटले, तर दुसरीने सह्याद्रीतील भेकर, पिसोरी आदी प्राण्यांना कायद्याचे कवच दिले. मात्र शिकारबंदी झाली म्हणजे विरळ झालेली प्रजाती पुन्हा वाढतेच असे नाही. तिचे प्रजनन समजून घेणेही तितकेच अगत्याचे ठरते.

गोठ्याकडून रानाकडे :
पुणे जिल्ह्याला कृत्रिम रेतन नवे नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने हे तंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले. गाईचा माज गोपालकास लक्षणांवरून कळतो. रानटी हरणाबाबत तसे घडत नाही. रक्ताच्या नमुन्यासाठी पकडल्यास ते भेदरून दगावण्याचा धोका असतो. या अडचणीवर लेंड्यांच्या परीक्षणाने उपाय सापडला. प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात. त्यांच्या चढउतारावरून माजाचे चक्र व गर्भधारणा प्राण्यास स्पर्श न करता ओळखता येते.

हैदराबादचे प्रयोग :
हैदराबाद येथील 'सीसीएमबी' या संस्थेच्या 'लॅकोन्स' प्रयोगशाळेत एस. शिवाजी, जी. उमापती आदी शास्त्रज्ञांनी या दिशेने कार्य केले. तेथे कृत्रिम रेतनातून २००६ मध्ये चितळाचे व २००७ मध्ये काळविटाचे पाडस जन्मास आले. पुढे २०१० मध्ये तेथील नेहरू प्राणी उद्यानात पिसोरीच्या संवर्धनात्मक पैदाशीस प्रारंभ झाला. पिसोरी शिंगे नसलेली, खऱ्या हरणांहून भिन्न कुळातील. तिची संख्या मात्र कृत्रिम रेतनाने नव्हे, तर योग्य निवारा व नैसर्गिक मीलनातून वाढली. संप्रेरक परीक्षणाने तिचे प्रजननचक्र उलगडण्यास साहाय्य केले. २०१७ मध्ये काही पिसोरी अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात सोडण्यात आल्या.

निष्कर्ष :
या इतिहासावरून असे दिसते की, कृत्रिम रेतनाच्या तंत्राइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्राण्याच्या जीवनक्रमाच्या ज्ञानास आहे. तसेच अमराबादेत सोडण्यास जंगल उरले होते, म्हणूनच पैदाशीचे संवर्धनात रूपांतर होऊ शकले. मावळातील वनपट्टे खंडित होत राहिल्यास प्रयोगशाळेतील यश पिंजऱ्यापुरतेच मर्यादित राहील.