आधी खोली, मग यंत्र

होम थिएटरच्या रिसीव्हरबरोबर आलेला छोटा माइक सोफ्यावर ठेवायचा, स्पीकरमधून चढत जाणारे चाचणीचे आवाज होऊ द्यायचे आणि पडद्यावर ‘पूर्ण’ असे दिसले की खोलीचे दोष गेले असे समजायचे, ही आता रीतच झाली आहे. पण खोली मोजण्याची विद्या संगणकाहून फार जुनी आहे आणि या दुरुस्तीला कुठे थांबावे लागते, हेही तिच्या इतिहासातूनच कळते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या फॉग कलासंग्रहालयातले व्याख्यानगृह वापरण्याजोगे नव्हते. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि वक्त्याची पुढची बारा-पंधरा अक्षरे त्यातच बुडून जात. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या. रस्ता शांत झाला की ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदवायचा. मग आणखी काही गाद्या मांडून पुन्हा तेच. निरीक्षकाच्या अंगावरचे कपडेसुद्धा हिशेबात धरावे लागत. सगळ्या गाद्या मांडल्यावर घुमारा सव्वा सेकंदाच्या आत आला.

या मोजणीतून निघालेल्या सूत्रात दोनच गोष्टी आहेत: खोलीचे घनफळ आणि तिच्यातले ध्वनिशोषण. आवाज कशातून निघतो, याला त्यात जागाच नाही. १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची आखणी याच सूत्राच्या आधारे झाली. यावर कोणी म्हणेल, सेबिनपाशी संगणक कुठे होता? आक्षेप रास्त आहे. पण ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांचेच उदाहरण घ्या. १९८३ साली लुकासफिल्ममध्ये त्यांनी टीएचएक्स हे मानक उभे केले, तेव्हा चित्रपटगृहाचा घुमारा, बाहेरचा गोंगाट आणि पडद्यामागची भिंत यांच्यावरही अटी घातल्या. २००२ साली स्थापन झालेल्या ऑडिसी या खोली-दुरुस्तीच्या कंपनीचे सहसंस्थापकही तेच. म्हणजे ही दुरुस्ती घडवणाऱ्यांनाही वास्तू बाजूला ठेवता आली नव्हती.

खर्जात मात्र यंत्र खरोखर उपयोगी पडते, हे मान्य केलेच पाहिजे. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्झला लाट भिंतींमध्ये अडकते आणि एखाद्या जागी आवाज फुगतो. तो फुगवटा यंत्र छान उतरवते. पण त्याच लाटेचा खड्डा लांबीच्या बरोबर मध्यावर पडतो. तिथे दहा डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट शक्ती लागते, आणि तरीही खड्डा भरत नाही, कारण स्पीकरच्या लाटेबरोबर तिला खोडणारी परतीची लाटही तेवढीच वाढते. त्यामुळे सोफा खोलीच्या मधोमध असेल, तर माइक लावण्याआधी तो हातभर मागे सरकवा, उघड्या भिंतींवर जाड पडदे टाका, आणि मगच यंत्राला मोजू द्या.