घरोघरी नवजात बाळसेवा

नवजात बाळाची काळजी व उपचार घरीच पोहोचवणारी आरोग्यपद्धती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात तिची क्षेत्रीय चाचणी घेतली. ३९ गावांत ही सेवा दिली गेली. ४७ गावे तुलनेसाठी होती. गावातल्याच थोडे शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, मिनिटभर श्वास मोजणे ही त्यांची कामे. जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला त्या देत. घरच्यांची तयारी नसल्यास संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमोक्साझोलचे औषध देत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांसाठी अशाच घरभेटींचा कार्यक्रम देशभर राबवला. दुर्गम खेड्यातही शिस्तबद्ध संशोधन होऊ शकते आणि त्यातून बाळांचे प्राण वाचतात, हे या चाचणीने सिद्ध केले.