भांड्यावरचं नाव आणि शेअरवरचं नाव

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'मराठवाड्यातील ग्रामीण कुटुंबे आर्थिक निरक्षरतेमुळे शेअर गुंतवणुकीपासून दूर राहिली.' गाइडनी त्याखाली लाल पेनानं एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' त्या शब्दानं माझं दीड वर्ष खाल्लं. पण आज पेटची तयारी करणाऱ्या मित्रांना मी हेच उदाहरण देतो, कारण 'लोकांनी अमुक का केलं नाही' या प्रश्नात आपण उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं.

विषय सोपा करून घेऊ. घरात लागणाऱ्या वस्तू विकणारं एक दुकान आहे. त्या दुकानातून तांब्या विकत घ्यायचा, की त्याच पैशात दुकानाचा शेअर घेऊन दरवर्षी लाभांश घ्यायचा? मुंबई-पुण्यात हा दुसरा पर्याय शंभर वर्षांपूर्वीच आला होता. आमच्या किल्लारीत तो आला नाही. का?

दुकान निघालं, ते कसं?

१९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट महाराष्ट्रात आली. परदेशी माल नको म्हणायचं, तर देशी माल मिळणारं दुकान पाहिजे. त्यातून मुंबईत 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स कंपनी लिमिटेड' उभी राहिली. आजचं 'द बॉम्बे स्टोअर' ते हेच. लोकमान्य टिळकांचं नाव तिच्या स्थापनेशी जोडलेलं आहे. इंटरनेटवर मात्र 'टिळक आणि जमशेटजी टाटा यांनी स्थापन केलं' असं सर्रास सापडतं. इथे थांबा आणि तारीख बघा. जमशेटजी १९ मे १९०४ ला वारले. फाळणीनंतरच्या लाटेत निघालेल्या दुकानाचे ते संस्थापक कसे होतील? दहा ठिकाणी छापलं म्हणून विधान खरं होत नाही. दहा जणांनी एकाचीच नक्कल केलेली असू शकते.

आता नाव नीट वाचा. त्यात 'को-ऑपरेटिव्ह' आहे आणि 'कंपनी लिमिटेड'पण आहे. हा घोळ कायद्यामुळे झालेला दिसतो. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांसाठी होता. दुकानासारख्या संस्थेला सहकारी म्हणून नोंदणी करायची सोय १९१२ च्या कायद्यानं झाली. त्यामुळे १९०६ च्या आसपास सहकाराच्या भावनेनं दुकान काढायचं, तरी कायद्यानं कंपनीच काढावी लागे. म्हणजे भाग विकायचे आणि नफा झाला तर लाभांश वाटायचा.

याच काळात अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड चालू होता. माणशी वर्षाला एक पैसा. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याला परत काहीच मिळणार नव्हतं. एकाच चळवळीत पैशाचे दोन प्रकार होते, वर्गणी आणि भांडवल. शेअर घेणारा माणूस देशासाठी घेत होता की लाभांशासाठी? बहुतेक दोन्हींसाठी. भाषणांवरून हे कळणार नाही. त्यासाठी भागधारकांची नोंदवही बघावी लागते: कोण, कुठला, किती भाग, आणि पुढे कधी विकले.

टक्के कशाचे?

जुना अहवाल हातात आला की नवखा संशोधक इथे हमखास पडतो. 'शेकडा इतका लाभांश' हा आकडा शेअरच्या दर्शनी किमतीवर असतो, बाजारभावावर नाही. आजचं उदाहरण घ्या. हॉकिन्स ही कुकर बनवणारी कंपनी, दुकान नव्हे, पण स्वयंपाकघरातलीच. २०२३-२४ साठी तिनं १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरवर १२० रुपये लाभांश दिला. कागदावर हा १२०० टक्के! पण शेअर साडेसात हजारांना घेतला असं धरलं, तर हातात पडतात १.६ टक्के. उलट डीमार्ट बघा. कपाट, भांडी, बादल्या सगळं विकतं, २०१७ मध्ये शेअर बाजारात आलं, धंदा जोरात. तरी २०२४ पर्यंत एकदाही लाभांश दिला नाही. नफा नव्या दुकानांत घातला. म्हणजे दुकान चांगलं चालतं आणि लाभांश मिळतो, ही दोन वेगळी विधानं आहेत. शोधनिबंधात ती एकत्र करू नका.

किल्लारीत काय होतं?

१९०६ मध्ये किल्लारी निजामाच्या राज्यात होती. राज्य वेगळं, आणि नाणंही वेगळं. आमच्याकडे हाली सिक्का चाले, मुंबईत इंग्रजी कलदार. मुंबईच्या कंपनीचा भाग घ्यायचा तर आधी हालीचे कलदार करा, बट्टा द्या, कागद जपा, आणि लाभांश आला की तो पुन्हा हालीत आणा. माझ्या 'निरक्षरता' या शब्दात यातलं काहीच नव्हतं.

मग बचत कशात होती? मी आजीला विचारलं. तिनं माळ्यावरची पितळी तपेली दाखवली. काठावर ठोकून नाव घातलेलं, देणाऱ्याचं आणि सालाचं. म्हणाली, "कागदाचं काय करतूस लेकरा, त्याला वाळवी लागती. हिला अडीनडीला गहाण तरी ठिवता येतंय." १९७२ च्या दुष्काळात ती तपेली सावकाराकडे जाऊन परत आली होती. तपेलीवर लाभांश मिळत नाही, मोडीत घातली तर घडणावळ बुडते, गहाण ठेवली तर व्याज आपणच भरायचं. हा तोटा आजीला माहीत होता. पण माहेरून आलेलं भांडं गहाण ठेवायला तिला कुणाची सही लागत नव्हती.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातली सातबाऱ्याची नक्कल, पासबुक, विम्याची पावती ढिगाऱ्यात गेली. तपेली चेपून निघाली, पण निघाली. नाव वाचता येत होतं, म्हणून ती कुणाची यावर वाद झाला नाही.

शेअरच्या कागदाची तशी सोय नव्हती. शेअर डिमॅट करायची वाट १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानं खुली केली. त्याआधी कागद हरवला तर अर्ज, हमीपत्र, वारसाचा दाखला. आणि आजही सात वर्षं लाभांश कुणी मागितला नाही, तर ती रक्कम सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जाते. सलग सात वर्षं तसंच राहिलं तर शेअरसुद्धा जातो. तो परत मागता येतो, पण आपलं नाव सिद्ध करून. ज्या घरातला मिळवता माणूसच ढिगाऱ्याखाली गेला, तिथे ते सिद्ध कुणी करायचं?

आता सावध व्हा. एका आजीच्या एका तपेलीवरून प्रबंध होत नाही. माझं म्हणणं खोटं ठरवू शकेल असा पुरावा मलाच शोधायला पाहिजे. जुन्या कंपन्यांच्या भागधारक नोंदवह्यांत निजाम राज्यातले पत्ते भरपूर निघाले, तर हाली-कलदारचा मुद्दा लंगडा पडेल. सावकारांच्या वह्यांत भांडी कमी आणि जमिनीच जास्त निघाल्या, तर तपेलीचाही. दोन्ही तपासायचं काम अजून चालू आहे.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी बदललं. आता तिथे लिहिलंय: 'किल्लारी परिसरातील कुटुंबांनी बचतीसाठी कोणती साधने निवडली आणि त्या निवडीमागे नाणे, कागद व मालकी यांचा वाटा किती?' गाइडनी यावेळी लाल पेन उघडलं नाही, फक्त विचारलं, "नोंदवह्या कुठे बघणार?"

तुम्हालाही एक गृहपाठ. घरातलं सगळ्यात जुनं नाव घातलेलं भांडं काढा, साल टिपा, आणि त्या साली ते विकत घेण्याऐवजी दुसरं काय घेता आलं असतं याची यादी करा. निम्मी प्रश्नावली तिथेच तयार होते.