विणकर मुंग्या आणि पदवी नसलेला संशोधक

आंब्या-लिंबाच्या झाडांवर अळ्यांच्या रेशमाने जिवंत पाने शिवून लाल विणकर मुंग्या घरटी बांधतात. झाड त्यांना आसरा देते. त्या पाने खाणारे कीटक मारतात. दक्षिण चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संत्रावर्गीय फळबागांच्या रक्षणासाठी या मुंग्यांची घरटी विकली जात. मात्र गोड स्रावासाठी रसशोषक किडींनाही त्या सांभाळतात. त्याची किंमत झाडच मोजते.

झाडाचे रक्षण करतात त्या कामकरी माद्या. पण काही अळ्या राणी आणि बाकीच्या कामकरी का होतात? कोलकात्यात या प्रश्नाचा पाठपुरावा गोपालचंद्र भट्टाचार्य (१८९५–१९८१) यांनी केला. पैशाअभावी त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले होते. कुजणाऱ्या वनस्पतींतून निघणाऱ्या प्रकाशावरील त्यांच्या लेखाने जगदीशचंद्र बोस यांचे लक्ष वेधले आणि १९२१ मध्ये ते बोस संस्थेत रुजू झाले. विणकर मुंग्यांचे प्रजनन व जातनिश्चिती यांवरील त्यांचा निबंध १९४३ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अळीचे भवितव्य तिला मिळणाऱ्या आहारावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कलकत्ता विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.एस्सी. दिली ती १९८१ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.