खुंट्यापासून क्रँकपर्यंत

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढाला सायकल लावली की शेवटच्या वळणांवर आपण सीट सोडून पायडलवर उभे राहतो. अंगाचा सगळा भार तेव्हा १७० मिलिमीटरच्या एका दांड्यावर येतो. हा दांडा म्हणजे क्रँक. दोन दांडे, त्यांना जोडणारा आस आणि उजव्या दांड्यावरची दातेरी चाकी मिळून क्रँकसेट होतो. रोड बाइकचा हा आस बहुधा २४ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १२. दांडा त्याच्या चौदापट लांब. सत्तर किलोचा माणूस आडव्या क्रँकवर उभा राहिला तर दांडा आणि आस भेटतात तिथे जवळजवळ एक टनाचा रेटा बसतो. तो सांधा किंचितही हलता कामा नये. क्रँकचं कूळ शोधायला मी निघालो आणि वाट सारखी या सांध्यापाशीच येऊन थांबली.

क्रँकचा सर्वांत जुना नातलग आपल्या घरात होता. जात्याच्या वरच्या तळीला, मध्यापासून दूर कडेशी, खुंटा ठोकलेला असतो. हात पुढे-मागे जातो आणि दगड गोल फिरतो. क्रँक करतो ते एवढंच, फक्त हाताच्या जागी पाय येतो. खुंटा ढिला झाला की पाचर ठोकून तो बसवायचा, हे दळणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नसे. ही पाचर लक्षात ठेवा, ती पुढे सायकलमध्ये पुन्हा भेटणार आहे. जुन्या लॉऱ्यांना पुढून ‘हँडल मारून’ सुरू करत, तेही क्रँकच. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी वाकणं, वळणं असा अर्थ आहे, आणि जर्मनमधला आजारी माणसासाठीचा ‘क्रांक’ हा शब्द त्याच घराण्यातला.

सायकलचा जन्म मात्र क्रँकशिवाय झाला. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल द्राइस याने जे दुचाकी यंत्र चालवलं, ते जमिनीवर पाय मारत पुढे न्यायचं होतं. पायडल लावलेल्या सायकलचं पेटंट पिएर लालमाँ या फ्रेंच कारागिराने नोव्हेंबर १८६६ मध्ये अमेरिकेत घेतलं. त्यात क्रँक थेट पुढच्या चाकाच्या आसावर होता. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. वेग हवा तर चाक मोठं करा, म्हणून पुढची चाकं माणसाच्या छातीपर्यंत वाढत गेली. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ने ही वाढ निरर्थक ठरवली: दोन जवळपास सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, आणि क्रँक खाली, दोन्ही चाकांच्या मधे. आजही तो तिथेच आहे.

आता पाचरीकडे. दांडा आसावर पक्का बसवायला कारखान्यांनी जो उपाय स्वीकारला, तो कॉटर पिनचा. आसाच्या टोकाला एक सपाट खाच, दांड्याला आडवं भोक, आणि त्यातून आत जाणारी, एका बाजूने तिरकी घासलेली पोलादी पिन. हातोड्याने ठोकायची, मग दुसऱ्या टोकाला नट आवळायचा. बरीच वर्षं अशा सायकली आणि त्यांचे सुटे भाग आपल्याकडे विलायतेतून येत. मग १९३९ मध्ये मुंबईतच, वरळीला, हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. पुढे तो अडचणीत आला आणि १९८० मध्ये कायदा करून सरकारने सेन-रॅले कंपनीसोबत त्याचं राष्ट्रीयीकरण केलं. पण सायकल कुणाचीही असो, डबेवाल्याची, पाववाल्याची की दूधवाल्याची, दांड्यात कॉटरच असे.

मी सायकल शिकलो ती मुलुंडला तासाच्या भाड्याने घेतलेल्या अशाच सायकलवर. तिचा डावा कॉटर झिजला होता. पाय खाली यायचा, क्षणभर मोकळा जायचा, ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि मग चाक ओढ घ्यायचं. तो आवाज मला अजून पायाच्या तळव्यात ऐकू येतो. दुकानदाराने नवी पिन ठोकून दिली आणि सायकल परत आणली तर पायडलं एका रेषेत नाहीत, एक पुढे आणि दुसरं तिरकं! दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या असतात. एकाच बाजूने घातल्या तर तिरक्या घासणीमुळे दोन दांड्यांचा कोन बिघडतो. हे मला खूप वर्षांनी, स्वतःच्या हाताने कॉटर घालताना कळलं. अंधेरी, घाटकोपरच्या स्टेशनांबाहेर सामानाने लादलेली काळी सायकल उभी दिसली की तिच्या डाव्या दांड्याकडे नजर जातेच.

डाव्याच का? डाव्या पायाचा जोर चेनपर्यंत पोचायला लांबचा रस्ता घेतो. उजवा दांडा आणि चाकी एकत्रच असतात, त्यामुळे उजव्या पायाचा रेटा सरळ चेनला मिळतो. डाव्याला मात्र दांड्यातून आसात आणि आसातून पलीकडच्या दांड्यात, असे दोन सांधे ओलांडावे लागतात.

शर्यतीच्या सायकलींना कॉटर जड पडत होता. १९३३ मध्ये फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने आसाची टोकं चौकोनी आणि निमुळती केली. हलक्या धातूचा दांडा त्या निमुळत्या चौकोनावर बोल्टने दाबून बसवायचा. म्हणजे पाचर गेली नाही, आसच पाचर झाला. इटलीच्या काम्पान्योलोने १९५८ पासून असेच क्रँक काढले आणि पुढे कितीतरी वर्षं शर्यतीत तेच दिसत राहिले. यात एक धोका आहे. अॅल्युमिनियम पोलादापुढे मऊ. बोल्ट ढिला असताना सायकल दामटली तर चौकोनी भोक गोलसर होतं, आणि मग कितीही आवळा, दांडा वाया जातो.

पुढचं मोठं पाऊल शिमानोने २००३ च्या सुमारास टाकलं. आस पोकळ आणि जाड केला, उजव्या दांड्याला तो कायमचा जोडून टाकला आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर आणले. दोन सांध्यांतला एक गेला, डावा तेवढा उरला. बसवताना उजवा दांडा आसासकट आरपार सरकवायचा, डावा आसाच्या टोकावरच्या दात्यांवर चढवायचा, प्लॅस्टिकची टोपी बोटांनी जेमतेम घट्ट करायची, कारण ती फक्त हालचाल काढण्यापुरती असते. जोर इथे लावला तर बेअरिंग जखडतात. नंतर डाव्या दांड्याचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळणाऱ्याच्या हाती सायकल देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपनगरात क्रँकसेटचा खरा शत्रू पावसाळा. सीटच्या नळीतून पाणी खाली उतरतं आणि आसाभोवतीच्या पोकळीत साचतं. सप्टेंबरअखेर उघडलं तर ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं असतं. सगळं पुसून, आट्यांना नवं ग्रीस लावून पुन्हा बसवलं की वर्षभर कुरकुर नाही.

मात्र उघडताना उजवीकडची वाटी, म्हणजे बेअरिंग धरणारा आटेदार भाग, नेहमीच्या दिशेने फिरत नाही. बहुतेक रोड बाइकना तिथे उलटे आटे असतात, कारण बेअरिंग फिरताना त्यांच्या दाबाने वाटी हळूहळू सुटू पाहते. इटलीच्या जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटेच आटे आहेत, आणि उजवी वाटी सुटण्याची तक्रारही तितकीच जुनी. उलट्या आट्यांच्या मापाला जगभर बीएसए म्हणतात: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. आपल्याकडे बीएसए म्हटलं की शाळेतली एसएलआर सायकल आठवते. ही तीन अक्षरं मुळात १८६१ मध्ये बंदुका बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कारखान्याची. आटे उलटे, म्हणून घाटकोपरच्या कुठल्याशा गॅलरीत सायकल उलटी टाकून उजवी वाटी सोडवायची असेल, तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा.