गळ, शिसे आणि शंभर वाव पाणी

समुद्राची खोली आपले कोळी वावांत मोजत आले. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत होतो तो एक वाव. साधारण सहा फूट. इंग्रजी दर्यावर्दींचा फॅदमही मुळात पसरलेल्या दोन हातांचाच. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मासेमारीच्या सरकारी नियमांत आजही याच मापाने रेषा आखल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच रेषा रॉकफिश नावाच्या माशासाठी आहेत. या माशाच्या गळाचा इतिहास हा माणसाचा हात पाण्यात किती खोल पोचला, याचा इतिहास आहे.

रॉकफिश हा एकच मासा नव्हे. सेबास्टिस या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या साठाहून अधिक अलास्का ते मेक्सिको या पट्ट्यात सापडतात. बाजारात त्यांना ‘रॉक कॉड’ म्हणत, पण खऱ्या कॉडशी त्यांचे जवळचे नाते नाही. त्यांतल्या अनेक जाती खोल, खडकाळ तळाशी राहतात. तिथे साधे जाळे अडकून फाटते. म्हणून तिथला हा मासा प्रामुख्याने गळाचा.

कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांवर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीपासून शिंपल्यातून कोरलेले गोलसर गळ वापरात आले. तिथल्या प्राचीन वस्त्यांच्या उकिरड्यांत रॉकफिशची हाडे मिळतात. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे आदिवासी केल्प या प्रचंड सागरी वनस्पतीचे लांब देठ सुकवून, एकमेकांना गाठवून खोल पाण्याचे दोर करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सान फ्रान्सिस्को आणि मॉन्टेरेच्या बंदरांत इटालियन स्थलांतरित मच्छीमार आले. तेही दोर आणि गळ घेऊनच या माशामागे गेले. विसाव्या शतकात हौशी लोकांना भाड्याने नेणाऱ्या बोटी वाढल्या. १९३६ पासून कॅलिफोर्नियात या बोटींना आपल्या मासेमारीची नोंद ठेवावी लागते.

या सगळ्यांपुढची अडचण एकच होती. शंभर वाव खोल दोर सोडायचा तर प्रवाह त्याला आडवा लोटतो. दोर जितका जाड तितका हा रेटा मोठा, म्हणून शिसेही तितके जड. आणि जड शिसे ओढायला दोर पुन्हा जाड. या चक्रातून पहिली वाट काढली नायलॉनने. ड्यूपाँ कंपनीने १९३९ मध्ये नायलॉनचा एकपदरी मासेमारीचा दोर बाजारात आणला. पण नायलॉन ताणला जातो. शंभर वाव खाली माशाने आमिषाला तोंड लावले तरी तो झटका दोराच्या लवचीकपणातच जिरून जाई. १९९० च्या दशकात अतिशय मजबूत पॉलिएथिलीनचा विणलेला दोर आला आणि हाही प्रश्न सुटला. हा दोर बारीक आहे आणि जवळजवळ ताणला जात नाही. त्याच्यामुळे कमी शिशात तळ गाठता येऊ लागला आणि खालचा हलका स्पर्शही बोटांना कळू लागला. तोवर प्रतिध्वनियंत्राने तळाचे खडक दिसू लागले होते आणि उपग्रहांमुळे त्याच खडकावर पुन्हा पुन्हा नेमके येता येऊ लागले.

गळाची जुळणी मात्र फारशी बदलली नाही. दोराच्या शेवटी शिसे, त्याच्या वर थोड्या थोड्या अंतरावर आखूड फाटे आणि प्रत्येक फाट्याला एक गळ. आमिष बहुधा माकूळची पट्टी. जाणते लोक शिसे मुद्दाम कमकुवत दोऱ्याने बांधतात. खडकात अडकले तर तेवढेच तुटावे आणि वरची जुळणी हाती यावी, हा हेतू. अशा दोरावर पूर्वी अनेक गळ असत आणि एका ओढीत अनेक मासे वर येत.

खाली काय चालले आहे, हे उशिरा समजले. पॅसिफिक ओशन पर्च ही रॉकफिशचीच एक जात. ती साधारण तीस वर्षे जगते असा समज होता. १९७९ मध्ये कॅनडाचे शास्त्रज्ञ रिचर्ड बीमिश यांनी माशाच्या कानातल्या खड्याच्या छेदावरची वलये मोजून दाखवले की ती नव्वदीपर्यंत पोचते. यलोआय जातीचे मासे शंभरी ओलांडतात, तर रफआय जातीचा कमाल आयुष्यकाळ दोनशे वर्षांहून अधिक मानला जातो. २००४ मध्ये स्टीव्हन बर्कली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ब्लॅक रॉकफिशच्या वयस्क माद्यांची पिल्ले वेगाने वाढतात आणि उपासमारीत अधिक तग धरतात. म्हणजे गळाला लागलेली म्हातारी मादी हे वस्तीचे मोठे नुकसान. त्या काळात खोल समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यांनीही प्रचंड मासे उपसले. पण खडकाळ तळाला खडकच राखत होता आणि तिथे गळ पोचत होता. दोराचे जडपण आणि ताण हेच या माशांचे शेकडो वर्षांचे संरक्षण होते. ते गेले, तेव्हा त्याच्या जागी कायदा आणावा लागला.

२००० मध्ये अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या तळमाशांची मासेमारी आपत्तिग्रस्त जाहीर केली. त्याआधीच्या आणि पुढच्या दोनेक वर्षांत मिळून रॉकफिशच्या ७ जाती अतिमासेमारीग्रस्त ठरल्या. वावांच्या रेषांनी मोठमोठे पट्टे बंद झाले आणि कॅलिफोर्नियात हौशी माणसाला एक दोर आणि फक्त दोन गळ उरले.

तरी एक प्रश्न राहिलाच. नको असलेला, वर्ज्य जातीचा मासा गळाला लागला तर? ज्या वाताशयासाठी आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाला सोन्याचा भाव मिळतो, तोच अवयव इथे घात करतो. रॉकफिशचे वाताशय बंद असते. खोलातून झपाट्याने वर आणले की दाब उतरतो, आतला वायू फुगतो, डोळे बाहेर येतात आणि जठर तोंडातून लोंबते. असा मासा पाण्यात सोडला तर फुग्यासारखा तरंगतो. अलास्कातल्या एका अभ्यासात पृष्ठभागावर सोडलेल्या यलोआयपैकी जेमतेम २२ टक्के मासे स्वतः बुडी मारू शकले. मात्र वजन बांधून खोलवर नेऊन सोडलेले जवळपास सगळे वाचले.

त्यासाठीची साधने अगदी साधी आहेत: उलट्या दिशेने बांधलेला, काटा नसलेला गळ, दाब वाढला की ओठ सोडणारा चिमटा, किंवा वजन लावलेला प्लास्टिकचा उपडा क्रेट. ओरेगनमध्ये २०१७ पासून ३० वावांपलीकडे तळमाशांची मासेमारी करणाऱ्या बोटींवर असे साधन सक्तीचे झाले. अलास्कात २०२० पासून ते हौशी मासेमारीच्या सगळ्या बोटींना लागू झाले. हजारो वर्षे मासा वर आणण्यासाठी घडत गेलेल्या सरंजामात, त्याला परत खाली पोचवणारी वस्तू पहिल्यांदाच दाखल झाली.

त्या सातपैकी सहा जाती आता सावरल्या आहेत. यलोआय अजून सावरते आहे आणि कॅलिफोर्नियात ती घरी नेण्यास मनाई आहे. आज चिमट्यात धरून खाली सोडलेली एखादी यलोआय १९३९ च्या आधी जन्मलेली, म्हणजे नायलॉनच्या दोरापेक्षाही वयाने मोठी असू शकते.