कराचीवरून जाणारा दोरा

करी रोडच्या एखाद्या शाळेत तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल, तर दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरून दुसरे लंडनपर्यंत घट्ट ताणून पाहावे. दोरा सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४२५ किलोमीटर; म्हणून अंतर आले सुमारे ७,२०० किलोमीटर. याहून जवळचा हवाई मार्ग नाही. हा दोरा जातो मात्र थेट कराचीवरून! भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टीने रेघ ओढली तर ती कराचीच्या बरीच दक्षिणेला, समुद्रावरून जाते. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरण्याची ही किंमत.

विमानटपालाचा इतिहासही कराचीवरूनच येतो. इंपीरियल एअरवेजने १९२९ मध्ये लंडन-कराची सेवा सुरू केली. वाटेत युरोपात थोडा आगगाडीचा प्रवास होता आणि सारे मिळून आठवडा लागे. कराचीहून मुंबईला टपाल विमानाने आणण्याचे काम टाटांनी अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ हे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले. सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर. पण इंधनासाठी अहमदाबादला उतरावे लागले आणि प्रवास झाला सुमारे १,०३० किलोमीटरांचा. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! सुमारे सव्वासात तासांनी विमान जुहूला उतरले. सरासरी वेग विद्यार्थ्यांनीच काढावा आणि त्यात थांब्याचा वेळ धरायचा की नाही यावर वाद घालावा. करी रोड-लालबागचा दिवस तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यावर चाले. तेथून जुहूचे मैदान नीट उत्तरेला, जेमतेम बारा किलोमीटरांवर.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो व जिनिव्हा करत, आणि पोहोचले १० जूनला. ही तिन्ही अंतरे गोलावर मोजून बेरीज केली तर सुमारे ७,९०० किलोमीटर होतात. म्हणजे वळसा सातशेचा. पण वेळ खाल्ला तो वळशापेक्षा विमानाच्या कमी वेगाने आणि थांब्यांनी.

पुढे जेट विमानांनी हे अंतर न थांबता नऊ-दहा तासांवर आणले. परतीला त्याहून कमी वेळ लागतो. 'पृथ्वी खालून फिरते म्हणून', असे उत्तर वर्गात हमखास येते. ते चूक आहे, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. आणि तसे असते तर पश्चिमेला जातानाच वेळ वाचला असता. खरे कारण म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे.

दोऱ्याची वाट मोकळी असतेच असे नाही. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली; २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. अशा वेळी वैमानिकाला कराचीच्या दक्षिणेने, समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो.